शुक्राच्या डोक्यावरचे दोन भोवरे

एखाद्या मुलाच्या डोक्यावर केसांचे दोन भोवरे दिसले की घरातल्या वडीलधाऱ्या बायका हसून म्हणतात, "ह्याची दोन लग्नं होणार!" मुलगा मोठा होतो, एकच लग्न करतो, पण ते बोलणं काही थांबत नाही. एकदा चिकटलेलं वर्णन सहजासहजी सुटत नाही. शुक्र ग्रहाच्या बाबतीतही काहीसं असंच घडलं. त्याच्या उत्तर ध्रुवावर, म्हणजे अगदी टाळूवर, शास्त्रज्ञांना १९७८-७९ मध्ये हवेचे दोन भोवरे दिसले. पुढची पंचवीसहून अधिक वर्षं शुक्राच्या ध्रुवाचं वर्णन 'दोन डोळ्यांचा भोवरा' असंच होत राहिलं. ते वर्णन किती दिवसांच्या निरीक्षणावर उभं होतं, ते पुढे येईलच.

आधी ग्रहाची ओळख. उर्दूत हा ज़ोहरा, मराठीत शुक्राची चांदणी. त्याचे दिवस असतात तेव्हा फजरच्या वेळी पूर्वेला किंवा मगरिबनंतर पश्चिमेला तो असा झळकतो की लहान मुलंही बोट दाखवतात. आपल्याकडे मुलींची नावं ज़ोहरा ठेवतात ती या चमकेवरूनच. मात्र ही चमक जमिनीची नाही, ढगांची आहे. सगळा ग्रह पांढऱ्या-पिवळट ढगांच्या जाड रजाईत गुंडाळलेला आहे आणि हे ढग पाण्याचे नसून गंधकाच्या तेजाबाचे, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाच्या बारीक थेंबांचे आहेत. रजाईखाली कार्बन डायऑक्साइडची हवा, जमिनीवर सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट हवेचा दाब. समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर अंगावर जेवढा भार येईल तेवढा. शिसं तिथे वितळून जाईल. आणि हे फक्त विषुववृत्तावर नाही, ध्रुवावरच्या जमिनीवरही जवळपास तितकीच भट्टी आहे. आपल्यासारखा बर्फाचा ध्रुव शुक्राला नाहीच.

मग ध्रुवात पाहण्यासारखं काय आहे? गोष्ट जमिनीची नाही, वरच्या हवेची आहे.

शुक्र स्वतःभोवती फार सावकाश फिरतो आणि तोही उलट दिशेने. एक फेरी पूर्ण करायला त्याला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात. हिशोब केला तर त्याच्या विषुववृत्तावरची जमीन ताशी साडेसहा किलोमीटरने सरकते. शाळेला उशीर झालेलं मूल याहून वेगाने चालतं. (आपल्या पृथ्वीची विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने धावते, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच.) पण शुक्राच्या ढगांचा वरचा थर मात्र ताशी सुमारे ३६० किलोमीटर वेगाने पळतो आणि चार दिवसांत सगळ्या ग्रहाला वळसा घालून येतो. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याकडच्या वाचकांना जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ आठवत असेल. घरांचे पत्रे, नारळाची झाडं, विजेचे खांब लोळवणारा तो वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. शुक्रावर त्याच्या तिप्पट वेगाचा वारा रोज, बारमाही, ढगांच्या उंचीवर वाहतो. खाली जमिनीवर मात्र हवा जेमतेम हलते.

जमीन रांगते आणि हवा पळते, हे कसं? आमच्या शाळेत हे सांगितलं की मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो अगदी बरोबर असतो. पृथ्वीवरचे वारे मोठ्या प्रमाणात पृथ्वीच्या फिरण्यासोबत चालतात. शुक्रावर हवा जमिनीच्या साठपट वेगाने पुढे निघून गेली आहे. कोण ढकलतं तिला? या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येऊ.

वाऱ्याचं गणित समजायला थोडं मागे जावं लागतं. अरबी दर्यावर्दींना ऋतूप्रमाणे दिशा बदलणारे वारे चांगले ठाऊक होते. त्यांच्या 'मौसिम' या शब्दावरूनच आजचा मान्सून आला. पण वारे असे का वाहतात याची मांडणी पुढे इंग्लंडमध्ये झाली. १६८६ मध्ये एडमंड हॅलीने, हाच तो धूमकेतूवाला हॅली, व्यापारी वाऱ्यांचं कारण सूर्याच्या उष्णतेत शोधलं. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली नावाच्या वकिलाने त्यात पृथ्वीच्या फिरण्याची भर घातली. सारांश असा, की विषुववृत्तावर हवा तापते, हलकी होऊन वर चढते, वरून ध्रुवाकडे सरकते, थंड होऊन खाली उतरते आणि जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे येते. रहाटगाडग्यासारखं एक चक्र. त्याला आज हॅडली चक्र म्हणतात.

पृथ्वी जलद फिरत असल्यामुळे हे गाडगं अर्ध्या वाटेवरच तुटतं. वरची हवा साधारण तीस अंश अक्षांशापर्यंत पोहोचते आणि तिथेच खाली येते. जगातली मोठी वाळवंटं, सहारा आणि अरबस्तानाची वाळू, याच पट्ट्यात आहेत ती उगाच नाही. शुक्र मात्र संथ. त्याच्यावर हे चक्र तीस अंशांवर मोडत नाही, साठ अंशांच्या आसपासपर्यंत जातं. म्हणजे विषुववृत्तावरून निघालेली हवा जवळजवळ ध्रुवाच्या दारात पोहोचते.

आता लहानपणीचा एक खेळ आठवा. दोरीला खडा बांधून गरगर फिरवायचा आणि दोरी बोटाभोवती गुंडाळू द्यायची. दोरी जशी आखूड होते तसा खडा अधिकाधिक जोरात गरगरतो. शुक्राची हवा विषुववृत्ताजवळ मोठ्या घेराने फिरत असते. ध्रुवाकडे येताना तिचा घेर लहान होत जातो आणि गरगर वाढते. चारही बाजूंनी अशी फिरती हवा ध्रुवाशी गोळा होते आणि तिथे खाली उतरते. मोरीत सोडलेलं बादलीभर पाणी जाळीपाशी जसं फिरत खाली जातं, साधारण तसंच चित्र. मराठीत भोवरा, उर्दूत पाण्यात असेल तर गिर्दाब आणि धुळीचा असेल तर बगूला. शुक्राच्या दोन्ही ध्रुवांवर असा एकेक महाकाय भोवरा कायमचा बसलेला आहे.

कायमचा, हे महत्त्वाचं. पृथ्वीलाही ध्रुवीय भोवरे आहेत. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर ध्रुवाचा भोवरा विस्कटून त्यातली थंडी अमेरिकेत उतरली होती आणि शिकागोचा पारा उणे तीस अंशांच्याही खाली गेला होता. पण आपला उंचावरचा ध्रुवीय भोवरा हिवाळ्यात तयार होतो आणि वसंतात, सूर्य परत आला की, मोडतो. शुक्राचा अक्ष जेमतेम तीन अंशांनी कललेला आहे, त्यामुळे तिथे ऋतूच नाहीत. हिवाळा नाही, वसंत नाही, म्हणून भोवऱ्याला सुट्टीही नाही.

हा भोवरा पहिल्यांदा कसा दिसला ते पाहण्यासारखं आहे, कारण साध्या डोळ्यांना शुक्र म्हणजे एक कोरा पांढरा गोळा. ५ फेब्रुवारी १९७४ रोजी मरिनर १० हे अमेरिकन यान शुक्राजवळून गेलं. त्याने अतिनील प्रकाशात फोटो घेतले तेव्हा ढगांचे पट्टे ध्रुवाकडे वळत-वळत जाताना दिसले. डिसेंबर १९७८ मध्ये पायोनियर व्हीनस यान शुक्राभोवती फिरू लागलं. त्यावर ऑक्सफर्डचे फ्रेड टेलर आणि सहकाऱ्यांचं एक उपकरण होतं. ते प्रकाश पाहत नव्हतं, उष्णता पाहत होतं. तव्यावर हात न ठेवता, वर धरूनच तो तापला आहे की नाही हे आपल्याला कळतं, कारण तव्यातून न दिसणारे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण निघत असतात. तसे किरण मोजून त्यांनी उत्तर ध्रुवाचा नकाशा काढला. नकाशात ध्रुवाच्या दोन बाजूंना दोन तेजस्वी, म्हणजे आजूबाजूपेक्षा गरम ठिपके उमटले. मध्ये त्यांना जोडणारा एक पट्टा. आणि ही जोडी पावणेतीन दिवसांच्या आसपास ध्रुवाभोवती एक फेरी मारत होती. तिचं नाव पडलं 'पोलर डायपोल'. डोक्यावरचे दोन भोवरे, ते हे.

वर्तमानपत्रांत या नकाशांची निळी-केशरी चित्रं येतात तेव्हा मुलांना वाटतं शुक्र तसाच रंगीत आहे. ते रंग माणसांनी भरलेले असतात. गरम कुठे आणि थंड कुठे हे डोळ्यांना कळावं म्हणून.

डोळे गरम का? चक्रीवादळाच्या डोळ्यात जसे ढग विरळ होतात, त्याच्याशी थोडं साम्य आहे. ध्रुवाशी हवा खाली उतरते, त्यामुळे ढगांचा माथाही तिथे खचतो. विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या तुलनेत तो पाच-दहा किलोमीटर खाली असतो. यानाची नजर त्या खळग्यातून खालच्या, अधिक गरम थरापर्यंत पोहोचते. शिवाय उतरणारी हवा दाबली जाऊन तापतेही. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तेच हे. आणि या गरम खळग्याभोवती, साठ ते ऐंशी अंश अक्षांशांच्या दरम्यान, एक गार पट्टा आहे. तो शेजारच्या हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी थंड असतो. शास्त्रज्ञ त्याला 'कोल्ड कॉलर' म्हणतात. मला मफलर हा शब्द जास्त शोभला असता असं वाटतं, पण मफलर ऊब देतो आणि हा उलटं करतो, तेव्हा कॉलरच बरी.

इथे जरा थांबून विचार करा. सूर्यापासून सर्वात कमी ऊन मिळणारी जागा ध्रुव. ती भोवतालपेक्षा गरम आणि तिच्याभोवती मात्र थंड कडं. असं कडं पृथ्वीवर नाही. ते कशामुळे टिकतं, हा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं संशोधकांना छळत होता.

आणि आता सुरुवातीला सोडलेला मुद्दा. पायोनियर यान पुढे चौदा वर्षं चाललं, पण त्यावरचं हे उष्णता मोजणारं उपकरण सुमारे अडीच महिन्यांतच बंद पडलं. डायपोलची सगळी कीर्ती त्या अडीच महिन्यांवर उभी होती. त्यात कुणाची चूक नव्हती, जे दिसलं ते नीट मोजलेलं होतं. पण अडीच महिने पाहिलेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल आपण किती खात्रीने बोलू?

युरोपच्या अवकाश संस्थेचं व्हीनस एक्सप्रेस हे यान ९ नोव्हेंबर २००५ रोजी कझाकस्तानातल्या बैकोनूरहून सुटलं आणि ११ एप्रिल २००६ रोजी शुक्राच्या कक्षेत शिरलं. त्याची कक्षा लांबट होती. उत्तर ध्रुवाजवळून ते अडीचशे किलोमीटरपर्यंत खाली येई आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सहासष्ट हजार किलोमीटर दूर जाई. दूरवरून दक्षिण ध्रुव अख्खाच्या अख्खा दिसे, तासन्‌तास. पहिल्याच दिवसांत त्याने पाठवलेल्या चित्रांत दक्षिणेलाही दोन डोळे दिसले! उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीचं वर्णन खरं ठरल्यासारखं वाटलं.

पण हे यान पाहतच राहिलं. त्यावरचा व्हर्टिस नावाचा उष्णता-कॅमेरा ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची थंड करणारी यंत्रणा थकेपर्यंत, म्हणजे अडीच वर्षं काम करत होता. अडीच महिन्यांच्या जागी अडीच वर्षं. आणि दोन डोळे नाहीसे होऊ लागले. कधी भोवऱ्याचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा, कधी आठच्या आकड्यासारखा, कधी एकच लांबट डोळा, कधी शंखाच्या रेषांसारखी गुंडाळी, कधी नुसताच गोंधळ. आज दिसलेला आकार परवा उरत नाही. दोन डोळे ही त्याच्या अनेक रूपांपैकी एक अवस्था निघाली, तीही थोड्या दिवसांची.

नीट मोजमाप केल्यावर आणखी एक गोष्ट हाती आली. भोवऱ्याचा मध्य ध्रुवावर नाहीच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो सरासरी तीन अंश, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर बाजूला असतो आणि पाच ते दहा दिवसांत ध्रुवाभोवती भटकून येतो. लाकडी भोवरा फिरता-फिरता जसा अंगणात जागा बदलतो तसा.

२०१३ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या संशोधकांनी याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. शुक्राच्या रात्रीच्या बाजूला काही ठराविक अवरक्त तरंगांत ढगांच्या खालच्या थरांची उष्णता बाहेर झिरपते. या झरोक्यांचा शोध १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीवरून डेव्हिड ॲलन आणि जॉन क्रॉफर्ड यांनी लावला होता. त्यांचा उपयोग करून या गटाने एकाच भोवऱ्याचे दोन मजले तपासले, एक साधारण ४२ किलोमीटर उंचीवरचा आणि दुसरा साधारण ६३ किलोमीटरवरचा. दोन्ही मजले फिरत होते, पण दोघांचे मध्य एकमेकांच्या वर-खाली नव्हते. वरचा एकीकडे भटकतो, खालचा दुसरीकडे. वीस किलोमीटर उंचीचा एक ताठ खांब डोळ्यांसमोर असेल तर तो पुसून टाका. वाकलेला, पिळवटलेला, रोज नवीन पीळ घेणारा दोरखंड समजा.

म्हणजे दोन भोवरे निघाले खरे, पण शेजारी-शेजारी नव्हे, एकावर एक.

एवढा विस्कटलेला भोवरा मोडून पडत का नाही? १९७९ मध्ये तो होता, २००६ मध्ये होता, २०१४ पर्यंत होता. क्षणोक्षणी आकार बदलणारी गोष्ट इतकी वर्षं टिकते, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वात विलक्षण वाटतं. त्याचं संपूर्ण उत्तर शास्त्रज्ञांच्या हाती अजून नाही. पण काही तुकडे मिळालेत. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी शुक्राच्या हवेची नक्कल महासंगणकावर चालवली आणि प्रथमच गरम ध्रुव व त्याभोवतीचं थंड कडं संगणकात आपोआप उमटलं. त्यांच्या हिशोबात कळीची गोष्ट ठरली ती सूर्यामुळे उठणाऱ्या उष्णतेच्या लाटा. दिवसाच्या बाजूचे ढग तापतात, रात्रीचे निवतात, आणि या तापण्या-निवण्याने अख्ख्या वातावरणात भरती-ओहोटीसारख्या लाटा फिरतात. त्या लाटा हिशोबातून काढल्या की थंड कॉलर नीट तयार होत नाही. २०२० मध्ये जपानच्याच अकात्सुकी यानाच्या निरीक्षणांतून दिसलं की याच लाटा विषुववृत्ताजवळच्या हवेला पुढे ढकलून तिचा वेग टिकवतात. मुलांच्या 'कोण ढकलतं' या प्रश्नाचं आजचं उत्तर हे. सूर्याची उष्णता, पण सरळ नाही, लाटांवर बसून.

हे सगळं जाणून आपल्याला काय, असं घरातलं कुणी विचारेल. विचारणं रास्त आहे. आपल्या हवामानाचे अंदाज ज्या समीकरणांवर चालतात, त्याच मूळ नियमांवर शुक्राची हवाही चालते. पृथ्वीसाठी बेतलेली गणितं एका संथ, ऋतू नसलेल्या, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या ग्रहावर लावली की ती कुठे कमी पडतात ते उघडं होतं. शिवणकाम करणारीला ठाऊक असतं, आपल्या मापाचा कुर्ता आपल्याला बसला म्हणजे कटिंग बरोबर होतंच असं नाही. वेगळ्या बांध्यावर चढवून पाहिलं की शिवण कुठे ओढते ते कळतं.

व्हीनस एक्सप्रेसने जाता-जाता असाच एक अंदाज उलटवला. २०१४ च्या जून-जुलैमध्ये इंधन संपत आलेलं असताना त्याला मुद्दाम ध्रुवाकडच्या हवेत बुडवलं गेलं, सुमारे १३० किलोमीटर उंचीपर्यंत. विरळ हवेचा जो किंचित अडथळा यानाला झाला त्यावरून तिथल्या हवेची दाटी आणि तापमान काढलं. आकडा निघाला सरासरी उणे १५७ अंश. अपेक्षेपेक्षा सुमारे सत्तर अंशांनी अधिक थंड, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेपेक्षा गार. खाली जमिनीवर शिसं वितळवणारी भट्टी आणि त्याच ध्रुवाच्या वर १३० किलोमीटरवर अशी गोठण. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला.

अकात्सुकी यान २०१० मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरू शकलं नाही, पाच वर्षं सूर्याभोवती फिरत राहिलं आणि ७ डिसेंबर २०१५ रोजी दुसऱ्या प्रयत्नात शिरलं. ही जिद्द वाखाणण्याजोगी. पण त्याची कक्षा विषुववृत्तालगतची होती, ध्रुव त्याला तिरकस दिसे. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्याशीही संपर्क तुटला आणि शुक्राभोवती एकही चालू यान उरलं नाही.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी भारत सरकारने इस्रोच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. शुक्राचं वातावरण तपासणं हा तिच्या कामांचा मोठा भाग आहे. दक्षिण ध्रुवाचा भोवरा साधारण अडीच दिवसांत एक फेरी मारतो. व्हर्टिसचा कॅमेरा ऑक्टोबर २००८ मध्ये बंद पडल्यापासून तेव्हापर्यंत त्याच्या तीन हजारांच्या आसपास फेऱ्या झालेल्या असतील, वरून सरळ पाहणारा तसा कॅमेरा नसताना.